कॉलेजच्या पोरांची फुटबॉल बॅच, वडोदरा: तिसऱ्या वर्षी लिहितोय
चार स्टार. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर एकच दिला असता. अकॅडमीचं नाव मुद्दाम टाकत नाही.

मुलगा जून 2023 ला एफवायला गेला तेव्हा ही संध्याकाळची बॅच लावली, कोच सर पण त्याच महिन्यात नवीन आलेले. पहिले तीन महिने मॅच नाहीच, नुसतं फर्स्ट टच, डाव्या पायाने पास, बॉल आपल्याकडे नसताना कुठे पळायचं तेच. मग मॅचेस सुरू झाल्या आणि सगळ्या हरलो, एक तर 0-6. डिसेंबरात पालकांची मीटिंग झाली, सर बदला म्हणून, मी पण हात वर केला होता, आता त्याचं फार वाईट वाटतं.

माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनिया टेकला शिकला, त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला मामा, एवढ्यात? तिथलं फुटबॉल वेगळं, हेल्मेट घालून हातात बॉल घेऊन पळतात, पण कोचला किती वर्षं द्यायची ही भांडणं तिथेही तीच. त्यांच्या कॉलेजात फ्रँक बीमर 1987 ला कोच म्हणून आले, पहिल्या सीझनला 2 जिंकले 9 हरले, आणि सहाव्या वर्षी 1992 ला परत 2 च विजय, 8 पराभव, एक बरोबरी. तरी कॉलेजने ठेवलं त्यांना. 1993 ला 9 जिंकले आणि तिथून 2015 ला रिटायर होईपर्यंत सलग 23 सीझन टीम बाउल गेमला (सीझन संपल्यावर चांगल्या टीम्सना मिळणारी खास मॅच) गेली.

आता कोणी म्हणेल तिथल्याच इंडियाना युनिव्हर्सिटीला नवीन कोच कर्ट सिग्नेटींनी 2024 ला पहिल्याच वर्षी 11 मॅच जिंकून दिल्या, आदल्या वर्षी त्यांच्या 3 च होत्या. खरंय, पण त्यांनी आधीच्या कॉलेजातले बरेच तयार खेळाडू सोबत आणले, ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलायची जी सोय आहे तिच्यामुळे, तिथे ते जमतं. आमच्या सरांना कुठून मिळणार तयार पोरं, इथली अर्धी तर बारावीपर्यंत फक्त क्रिकेट खेळलेली. म्हणून माझ्या मते एक बॅच एफवायपासून टीवायपर्यंत त्यांच्या हाताखाली जाऊ द्या, मग बोला.

ऑगस्ट 2024 ला विश्वामित्रीचा पूर आला, ग्राउंडवर नुसता गाळ, तेव्हा सरांनी महिनाभर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस घेतली, एक दिवस सुट्टी नाही. यंदा 10 पैकी 6 जिंकलो आणि मुलगा डाव्या पायाने क्रॉस टाकतो, मी स्वतः पाहिलंय.

एक स्टार कापला तो मॅनेजमेंटचा. लाईट कमी, सहानंतर बॉल दिसत नाही, फी 1200 ची 1800 केली, आणि सरांचं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी एकाच वर्षाचं करतात. ते तीन वर्षांचं करा असं मी ऑफिसात लिहून दिलंय, बाकी पालकांनी पण द्या प्लीज, एप्रिलच्या आत.