तोच टायर दुसऱ्यांदा घेतला: १४ महिने आणि १६,००० किमीनंतर

पहिला टायर ११,५०० किमीत गोटा झाला, तेव्हा मी जाम वैतागले होते. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर कंपनीची पार सालटी काढली असती. बरं झालं नाही लिहिला. कारण त्या दिवशी या मापात दुसरं काही हाताशी नसल्याने नाइलाजाने तोच टायर परत बसवला, आणि तो आज १६,००० किमीवर आहे, अजून थोडा जीव आहे. कंपनी तीच, मॉडेल तेच, माप तेच, गाडी तीच, रस्ते तेच. बदलले ते माझे चालवणारे हात आणि टायरमधली हवा. म्हणून इथे कंपनीचं नाव देत नाही. कुठलाही टायर किती चालणार याचं उत्तर निम्मं कंपनीकडे असतं आणि निम्मं आपल्याकडे, आणि माझं निम्मं फार वाईट होतं.

गाडी म्हणजे २०० सीसीची मोटरसायकल, मागचा टायर १३०/७०-१७, ट्यूबलेस. मापाच्या शेवटी ६२पी लिहिलंय. यातला ६२ म्हणजे टायर २६५ किलो भार पेलतो आणि पी म्हणजे ताशी १५० किमी वेगापर्यंतचा. रोजचं येणं-जाणं ४० किमीच्या आसपास, सुट्टीला बहुतेक वेळा डबल सीट, वर्षातून दोन-तीन लांबचे प्रवास.

जुना टायर उतरवला तेव्हा बसवणाऱ्याने तो नव्याशेजारी आडवा टाकला. नव्याची पाठ गोल, कमानीसारखी. माझ्या जुन्याच्या मधोमध चार बोटं रुंद सपाट पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना बोट फिरवलं तर चक्क धार लागत होती. गाडी वळणात पडताना आधी आढेवेढे घ्यायची आणि मग एकदम धपकन कलायची, ते याच धारेमुळे. मला वाटायचं हँडलचं काहीतरी बिघडलंय. मग त्याने टायर हाताने फाकवून आतली बाजू दाखवली. साइडवॉलजवळ, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूजवळ, गोल फिरलेली काळपट रेघ आणि तळाशी रबराचा भुसा. "ताई, टायर चांगला होता. हवा कमी होती." मी म्हटलं, दर पंधरा दिवसांनी न चुकता भरते हो! तो नुसता हसला.

त्या हसण्याने डोकं फिरलं आणि मी स्वतःचा हवा मोजायचा काटा घेतला. ज्या पंपावर मी नेहमी हवा भरायचे तिथे पंपाने ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाखवले, माझ्या काट्याने २६. आधी वाटलं माझाच काटा खोटा. आणखी दोन काट्यांशी ताडून पाहिला, तिघांचं एकमत. पंप सहाने जास्त दाखवत होता. दुसरी गोची माझी स्वतःची: तो पंप घरापासून १५ किमीवर, म्हणजे मी पोहोचेपर्यंत टायर तापलेला. तापलेला टायर गारापेक्षा तीन-चार पीएसआय सहज जास्त दाखवतो. कंपनीने सांगितलेला आकडा गार टायरचा असतो, निदान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा. हिशेब केला तर सकाळी निघताना माझ्या मागच्या चाकात जेमतेम २३ असणार. आणि डबल सीटला तर ३६ हवेत! ती वाढीव हवा मी आयुष्यात कधी भरली नव्हती.

गाडीचं वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा कमी पडली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपतो आणि परत फुगतो, त्या चेपण्या-फुगण्याने तापतो, आणि तापलेलं रबर खोडरबरासारखं झिजतं. उलट काही जण मुद्दाम चाळीसपर्यंत हवा ठोकतात, गाडी हलकी पळते म्हणून. मग जमिनीला मधली अरुंद पट्टीच टेकते, तीच झिजते, आणि पकडही कमी होते. आणखी एक घोळ नेहमी दिसतो: टायरच्या अंगावर जो हवेचा आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्त मर्यादेचा. भरायचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत असतो.

आता दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्याआधी काटा लावते. दोन मिनिटांचं काम. काहीही केलं नाही तरी महिन्याला एक-दोन पीएसआय उतरतातच, आणि थंडी पडली की आणखी, कारण तापमान ५-६ अंशांनी खाली आलं की साधारण एक पीएसआय जातो. एकदा आठवड्यात चार उतरले. व्हॉल्व्हला थुंकी लावली, बुडबुडा आला. व्हॉल्व्हच्या आतली पिन बदलली, संपलं. नायट्रोजनबद्दल विचारणारे बरेच असतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मी त्याच्या वाटेला गेले नाही.

दुसऱ्यांदा टायर घेतला तेव्हा नक्षीची खोली मोजायचं छोटं यंत्रही घेतलं आणि टायरवर खडूने तीन जागा ठरवल्या. नवा असताना ६.८ मिमी. १,००० किमीला ६.४. ५,००० ला ५.१. ज्या ११,५०० ला पहिला टायर संपला होता, तिथे हा ३.१ वर होता. आज १.७. म्हणजे हजार किमीला तीन-सव्वातीन दशांश मिमी. पहिल्याचा वेग पाच दशांशांच्या वर होता.

पण ही सरासरी आहे, आणि सरासरी फसवी असते. भर उन्हाळ्यात सामान लादून डबल सीट ९०० किमीचा प्रवास केला, ताशी ९०-१०० च्या वेगाने. तेवढ्यात अर्धा मिमी गेला! तर पावसाच्या दिवसांतल्या १,८०० किमीत फक्त ०.४. ओल्या रस्त्यावर टायर गार राहतो आणि घासही कमी लागते. पण त्याच पाण्यामुळे खिळे-काचा रबरात सुळकन घुसतात, पावसातच पंक्चर जास्त होतात ते यामुळे. माझं एकुलतं एक पंक्चर तेव्हाचंच. मधल्या भागात बारीक खिळा होता, बाहेरून दोरी कोंबून घरी आले आणि नंतर टायर उतरवून आतून पक्कं करून घेतलं. साइडवॉलला भोक पडलं असतं तर टायर सरळ फेकला असता. तिथे दुरुस्ती नसते. रस्त्याचंही तसंच आहे. नवी खडी टाकून ठेवलेला रस्ता म्हणजे टायरला कानस.

आता हात. मला सिग्नल सुटला की पहिलं निघायची खोड होती. मागचं चाक ओढतं, सगळी ताकद त्याच्यातूनच जमिनीत जाते, म्हणून तेच आधी संपतं. त्याहून वाईट खोड म्हणजे थांबताना गिअर धडाधड खाली पाडून क्लच एकदम सोडायचा. तेव्हा चाक क्षणभर घसटतं आणि 'चुक्' असा आवाज येतो. तो आवाज रबराचा. आता क्लच हळू सोडते, दोन्ही ब्रेक वापरते. हवेने किती वाचवलं आणि हाताने किती, हे मला वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकदमच सुधारलं. माझा अंदाज हवेच्या बाजूने जास्त आहे.

८,००० च्या सुमारास लक्षात आलं की टायरच्या डाव्या खांद्याकडची, म्हणजे डाव्या कडेची, खोली उजवीपेक्षा अर्ध्या मिमीने कमी आहे. चेन ताणताना मी स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्ही बाजूंना जुळवल्या होत्या, पण त्या खुणाच नेमक्या नव्हत्या. स्विंगआर्मच्या पुढच्या बोल्टपासून चाकाच्या ॲक्सलपर्यंत दोन्हीकडून टेपने मोजलं तर चार मिमीचा फरक! चाक तिरकं चालत होतं. सरळ केल्यावर फरक वाढायचा थांबला. ढिल्या चेननेही टायरला झटके बसतात, ती भर वेगळीच.

पुढच्या टायरची गोष्टच निराळी. तो दोन मागचे टायर पाहून अजून टिकलाय, पण १८,००० नंतर ६०-७० च्या वेगाला 'घूं घूं' असा आवाज यायला लागला. बेअरिंग गेलं म्हणून चाक उतरवलं, बेअरिंग ठणठणीत. मग टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेला गुळगुळीत, उलट दिशेला करवतीचे दात. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड खाली गेलेली आणि दुसरी उभी. पुढचं चाक ओढत नाही, पण ब्रेकचा बहुतेक भार तेच झेलतं, म्हणून ते असं एका बाजूने खाल्लं जातं. त्यात हवा कमी आणि फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं, तेल जुनं असेल तर चाक जमिनीवर सलग न राहता बारीक उड्या मारत चालतं, आणि जिथे आपटतं तिथे खोलगट खड्डे पडतात. माझ्या फोर्कचं तेल कधी बदललंच नव्हतं. बदललं. आवाज गेला नाही (झालेले दात काही भरून येत नाहीत), पण वाढलाही नाही.

"किती किमी चालायला हवा?" असं विचारणाऱ्यांसाठी: टायरचा प्रकार सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. मऊ रबराचे स्पोर्ट टायर मोठ्या गाड्यांवर साधारण ५-८ हजारांत हात टेकतात. लांब प्रवासासाठीचे १२-१८ हजार जातात. छोट्या गाड्यांचे कडक टायर पंचवीस-तीस हजारही काढतात. मातीसाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर रोज डांबरावर पळवले तर बघता बघता संपतात. पकड आणि आयुष्य यांची जुनी भांडाभांडी आहे, म्हणून हल्ली काही कंपन्या मध्ये कडक आणि कडेला मऊ असं दुहेरी रबर वापरतात. जाता जाता, रबर मुळात काळं नसतंच, मळकट पांढरं असतं. त्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळतात म्हणून ते काळं होतं, आणि त्याच काजळीमुळे इतकं टिकतं.

वयाचंही बघा. साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३८२२ म्हणजे २०२२ सालचा ३८ वा आठवडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी शाबूत असली तरी काढा, असं काही नामांकित उत्पादकच सांगतात. न चालवलेला टायर चांगला राहतो हा गैरसमज आहे. रबरात भेगा रोखणारं मेणासारखं द्रव्य असतं, ते टायर चालताना चेपला की पृष्ठभागावर येत राहतं. गाडी महिनोन्‌महिने उन्हात उभी राहिली की ते येत नाही आणि साइडवॉलवर केसाएवढ्या भेगा पडतात. नख फिरवलं की कळतं. चमक आणणारं पॉलिश मी लावत नाही. चुकून नक्षीवर गेलं तर पहिल्याच वळणावर हिशेब चुकता होईल.

या टायरबद्दल तक्रारी नाहीत असं नाही. नवा असताना पहिले दीडशे किमी चांगलाच बुळबुळीत होता. सकाळी गार असताना पाच-सात मिनिटं त्याच्यावर विश्वास टाकवत नाही. सिमेंटच्या रस्त्यावरच्या उभ्या रेघांत गाडी किंचित डोलते. आणि २.५ मिमीच्या खाली गेल्यापासून ओल्यात पकड सरळ सरळ कमी झाली आहे. कोरड्यात काही फरक जाणवत नाही, म्हणूनच फसायला होतं.

नक्षीच्या खाचांत तळाशी जे बारीक उंचवटे असतात (साइडवॉलवर तिथे टीडब्ल्यूआय, म्हणजे झीज दाखवणारी खूण, किंवा छोटा त्रिकोण असतो), ते माझ्या टायरात ०.८ मिमीचे आहेत. नक्षी तिथवर आली की टायर संपला. हिशेबाने तिथे पोहोचायला अजून तीनेक हजार किमी आहेत. पण गेल्या आठवड्यात भुरभुर पावसात एका वळणावर, वेग जेमतेम तीस, मागचं चाक वीतभर बाजूला सरकलं आणि परत धरलं. पाय टेकवायची वेळ आली नाही, पण पुढचे दोन किमी मी पंचविसाने गेले. नवा टायर सांगून ठेवलाय. तोच. फक्त या वेळी बसवणाऱ्याला आधी सांगितलंय की चार आकडे वाचून दाखव, मग रिमवर चढव.