समुद्रकाठची ड्रोनपेटी: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

एसटीत चढलो की कंडक्टरचा प्रश्न ठरलेला. "आंब्याची पेटी नारिंगी कित्याक रे?" देवगडात पेटी म्हणजे एकतर हापूसची, नाहीतर दशावतारात वाजते ती. माझी तिसऱ्याच प्रकारची. आत एक मॅविक २ प्रो ड्रोन, तीन बॅटऱ्या, रिमोट आणि चार्जर असतो. लग्नं, होमस्टेच्या जाहिराती, आंब्याच्या बागा, कधी बंदरातली कामं, असं सगळं त्या ड्रोनवर चालतं. २०१९ मध्ये घेतला, तेव्हा बिघडला तर दुसरा आणू असं वाटायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आणि जुनाच जिवापाड जपायची वेळ आली. तोवर मी तो खांद्यावरच्या कापडी बॅगेत घेऊन फिरत होतो.

आता जी वापरतोय ती माझी दुसरी हार्ड केस. पहिलीने मला शिकवलं, म्हणून आधी तिच्याबद्दल.

ती काळी होती, स्वस्त होती, आणि रबराचं सील मात्र घट्ट. कोल्हापूरला एका लग्नाचं काम संपवून रात्री कार्यालयातच लॅच लावले, गगनबावड्यावरून करूळ घाट उतरलो आणि सकाळी घरी पेटी उघडायला गेलो तर झाकण हलेना. लॅच सुटलेले, तरी झाकण चिकटलेलं. मी ओढतोय, मेव्हणा खालून धरतोय. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं, त्यात रबर फाटलं. कारण साधं होतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, तिथली हवा विरळ. ती विरळ हवा आत कोंडून मी खाली आणली आणि बाहेरच्या जड हवेने झाकण दाबून धरलं. एवढ्या आकाराच्या झाकणावर हा भार शंभर किलोच्या आसपास जातो, हे नंतर कागदावर हिशेब केला तेव्हा कळलं. चांगल्या पेट्यांना हँडलजवळ एक छोटी झडप असते. ती हवा आत-बाहेर सोडते, पाणी सोडत नाही. माझ्या पेटीला ती नव्हती. घाटावर कामं घेणाऱ्याने दुकानात आधी हीच झडप शोधावी, बाकीचं नंतर.

फाटक्या रबरानिशी ती पेटी एक पावसाळा काढू शकली नाही. बिजागऱ्यांच्या खिळ्या लोखंडी होत्या, खाऱ्या हवेने श्रावणातच तांबूस पाणी सोडायला लागल्या. आतला स्पंजसारखा मऊ फोम दमट झाला. चौकोनी तुकडे उपटून जागा करायचा तो प्रकार. उपटलेल्या कडा कुसकरायला लागल्या आणि तो काळा भुगा थेट गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मानेच्या, मोटरपाशी. तो फुंकरीने आणि मऊ ब्रशने काढायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

दुसरी निवडताना म्हणूनच "वरून टाकली तर फुटते का" हा प्रश्न मी शेवटी ठेवला. आमच्याकडे ड्रोनपेटी फारशी पडत नाही. ती भिजते, खारते आणि तापते.

पेलिकन १५१० या पेटीचं नाव सगळेच घेतात, मीही हाताळून पाहिली. दणकट आहे, वाद नाही. पण फोमसकट वजन ६ किलोच्या वर. माझा ड्रोन ९०७ ग्रॅम, जादा बॅटऱ्या प्रत्येकी २९७, रिमोट, चार्जर, पंखे, फिल्टर धरून साधारण अडीच किलो. बेरीज पावणेनऊच्या घरात जाते आणि देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला बहुतेक ठिकाणी ७ किलोची मर्यादा असते. वर्षातून दोन-तीनदा गोव्याच्या मोपा विमानतळावरून उडतो, म्हणून वजनाला महत्त्व दिलं. जो फक्त गाडीने फिरतो त्याने याचा विचार करू नये, खुशाल जड घ्यावी.

मी घेतली ती त्याच आकाराची, पण हलक्या प्लॅस्टिकची, रिकामी चार किलोच्या आतली. ९,८०० रुपये. फोमचे २,२०० वेगळे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि पेटी एकंदरीत चांगली आहे.

पेटीवर आयपी ६७ छापलेलं होतं. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरणार नाही. छापील शब्दावर विश्वास ठेवायला मी तयार नव्हतो, म्हणून ड्रोन आत ठेवायच्या आधी मावशीच्या विहिरीवर गेलो. आत वर्तमानपत्राची पानं पसरली, लॅच लावले, सुंभाने बांधून सोडली. पेटी तरंगली. पंचवीस-सव्वीस लिटर हवा ती, बुडेल कशी? खाली जांभ्याचा एक चिरा बांधला, तरी तरंगली. दुसरा बांधला तेव्हा कुठे खाली गेली. मावशी पायरीवर उभी राहून "पाणी पितंव आमी त्या" म्हणत होती, तिला चिरे धुऊन घेतल्याचं सांगितलं.

अर्ध्या तासाने वर काढली. एका कोपऱ्यात कागद हातभर भिजलेला! मी दुकानदाराला फोन लावणार, तेवढ्यात सीलवर सुंभाचा एक धागा दिसला. केसाएवढा. बंद करताना रबराखाली अडकला होता. तो पुसून पुन्हा बुडवली, या वेळी कागद कोरडा ठणठणीत. तेव्हापासून प्रत्येक वेळी बंद करताना रबरावरून बोट फिरवतो. वाळूचा एक कण पुरतो.

फोम मात्र मी बदलून घेतला आणि यात पैसे वाचवू नका. बंद पेशींचा, पॉलिथिलीनचा फोम पाणी पीत नाही, पावसाळ्यात कुसकरत नाही. मशीनवर कापून घेतला. कापून देणाऱ्याला मी ड्रोनचं माप दिलं तेव्हा त्याने अगदी चपखल बसेल अशी जागा धरली होती. मी म्हटलं, गिंबलपाशी बोटभर मोकळं ठेव. पेटीला धक्का बसला तर तो ड्रोनच्या अंगाने गेला पाहिजे, कॅमेऱ्याच्या मानेने नव्हे. आंबे भरणारा कामगार हे न शिकवता जाणतो, देठ कशालाही टेकता कामा नये. बॅटऱ्यांच्या खाचा पुढच्या कडेला एका रांगेत घेतल्या आणि प्रत्येकीखाली कापडी फीत टाकली, ओढली की बॅटरी वर. विमानतळावर पेटी चेक-इन सामानात द्यायची वेळ आली तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आत राहू देत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. माझ्या बॅटऱ्या ५९.२९ वॉट-अवरच्या, १०० च्या मर्यादेत. रांगेत मागचे लोक खाकरत असताना फोममधून नखाने बॅटरी उचकटून पाहा, मग फितीची किंमत कळेल.

आता कुरकुर. लॅच इतके कडक की नवीन असताना अंगठ्याची कातडी गेली. हँडल अरुंद आहे, विजयदुर्गला धक्क्यापासून वर चालत जाईपर्यंत बोटं बधिर होतात. (२०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तो वरून हवा असतो. पुरातत्त्व खात्याची परवानगी दाखवल्याशिवाय मी तिथे पेटी उघडत नाही.) चाकांचं मॉडेल होतं, मी घेतलं नाही. आमच्या वाळूत आणि जांभ्याच्या पाखाडीत चाकं म्हणजे फुकटचं वजन.

रंगाबद्दल मात्र समाधानी आहे. मे महिन्यात होडीच्या फळीवर काळी पेटी तासाभरात हात लावू देत नाही आणि या ड्रोनची कामाची मर्यादाच ४० अंशांची. नारिंगी कमी तापते. शिवाय पडलीच खाडीत, तर लांबून दिसते. आमच्या होडीच्या तांडेलला तो रंग फार आवडला, त्याने बोया म्हणून मागितली होती.

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. हवाबंद पेटी पाणी बाहेर ठेवते तशी आतलं पाणी आतही ठेवते. किनाऱ्यावर शूट संपलं, ड्रोनवर खारं दव बसलंय, घामट हाताने आत कोंबलात आणि लॅच लावले, की तुम्ही आढी घातलीत. पेंढ्यात आंबा पिकतो, फोममध्ये सर्किट पिकतं. मॅविकच्या बॅटऱ्या भरून नुसत्या ठेवल्या तर आपोआप थोड्या उतरतात आणि उतरताना किंचित कोमट होतात, ती ऊब वेगळीच. म्हणून मी ड्रोन कोरड्या सुती फडक्याने पुसतो, गाडीत पेटी अर्धवट उघडी ठेवून आणतो, घरी पंख्याखाली तासभर ठेवतो, मगच बंद.

उलटंही होतं. एसीच्या खोलीत रात्रभर थंड झालेली पेटी सकाळी कुणकेश्वरच्या वाळूवर लगेच उघडली, की लेन्सवर धुकं. अर्धा तास बंदच ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्यायची. वधूपक्ष घाई करतो, करू दे.

सिलिका जेलच्या दोन पुड्या आत असतात, नारिंगी दाण्यांच्या. हिरवट झाल्या की ओल प्यायल्या. त्या मंद आचेवर जुन्या तव्यात सुकवतो. तवा वेगळा ठेवलाय, आईने भाकरीच्या तव्यावर पाहिलं होतं एकदा. निळ्या दाण्यांच्या तर स्वयंपाकघरात आणूच नका, त्यात कोबाल्ट असतं.

आगोटीची कामं उरकली की ड्रोन निघतो कपाटात, आणि रिकामी पेटी पडवीत झाकण उघडं टाकून ठेवतो, फोमला वारा लागावा म्हणून. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर पहिलं काम आलं, पेटी घ्यायला गेलो तर ड्रोनच्या खाचेत मांजर झोपलेलं, अगदी मापात. फोम झटकून झाला, व्हॅक्युम लावून झाला. सीलच्या खाचेतले केस मी अजून चिमट्याने काढतोय.