उरलेल्या मॅशचं काय करायचं: अंड्याचं पॅनकेक, टॅटी स्कोन की थालीपीठ?

रात्री मॅश्ड पोटॅटो केलं, वाडगाभर उरलं, आणि सकाळी फ्रिज उघडल्यावर ते पांढरं ढेकूळ आपल्याकडे बघत बसलंय. पुन्हा गरम करून खावं तर पहिली मजा नाही, टाकावं तर जीव होत नाही. तव्यावर टाकायचं एवढं नक्की असतं. घोडं अडतं ते कशाच्या रूपात टाकायचं, इथे.

माझं मत आधीच सांगते. आपल्याला काय खावंसं वाटतंय यावर हे ठरवू नका. मॅशमध्ये दूध-लोणी किती पडलंय, यावर ठरवा. फ्रिजमधला गार मॅश लिंबाएवढा घेऊन तळहातावर वळून बघा. गोळा न चिकटता वळला तर तो घट्ट. बोटांना फासला गेला तर सैल. पुढचं सगळं या गोळ्यावर अवलंबून आहे. परीक्षा गार असतानाच घ्यायची, कारण शिजलेल्या बटाट्यातला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बसतो. गरम मॅश सैलच वाटतो, मग आपण घाबरून पीठ ओतत सुटतो.

आधी अंड्याचं पॅनकेक, अमेरिकेत उरलेल्या मॅशचं सर्रास करतात ते. 400 ग्रॅम मॅशला 1 अंडं आणि 3-4 टेबलस्पून मैदा. वर कांद्याची पात, मिरी, असलंच तर किसलेलं चीज. चमच्याने तव्यावर गोळे सोडायचे आणि अर्धा इंच जाडीचे दाबायचे. थोडा सैल मॅश इथे चालून जातो, कारण अंडं तापलं की आवळतं आणि सगळं धरून ठेवतं. बाहेर खरपूस, आत मऊसूत हा फरक इतर कुठल्याही प्रकारात इतका येत नाही. पण तेल सढळ लागतं आणि धीरही. मध्यम आचेवर एक बाजू 3-4 मिनिटं अजिबात हलवायची नाही. पहिलं पॅनकेक उलथण्यावर तुटतं ते बहुतेक वेळा पीठ कमी पडल्यामुळे नाही, आपण घाईने उलटल्यामुळे. कड तांबूस दिसली आणि तवा हलवल्यावर ते आपोआप सरकलं, की उलटा. चीज घातलं असेल तर नॉनस्टिकच घ्या, बिडाच्या तव्याला ते असं चिकटतं की नंतर तासभर घासत बसावं लागतं.

टॅटी स्कोनची जात वेगळी. 'टॅटी' म्हणजे स्कॉटलंडमधल्या बोलीत बटाटा, आणि हा तिथल्या भरगच्च नाश्त्यातला ठरलेला पदार्थ. अंडं नाही. 400 ग्रॅम मॅशला साधारण 100 ग्रॅम मैदा, चवीला मीठ, मॅशमध्ये लोणी नसेल तर चमचाभर लोणी. गोळा करून पाव इंचापेक्षा कमी जाडीचा गोल लाटायचा, सुरीने चार तुकडे करायचे आणि तेलाचा नुसता हात फिरवलेल्या तव्यावर भाजायचे. ज्याला पोळी लाटता येते त्याला यात नवीन काही नाही, फक्त मळायचं नाही. पीठ जेमतेम एकत्र आलं की थांबायचं, नाहीतर स्कोन चामड्यासारखा वातड होतो. उत्तर आयर्लंडमध्येही जवळजवळ हाच प्रकार पोटॅटो ब्रेड म्हणून नाश्त्याला असतो.

स्कोनला घट्ट मॅशच हवा. दूध जास्त असेल तर लाटता येईपर्यंत इतका मैदा जातो की बटाट्याची चव शोधावी लागते. पण एकदा जमला की डब्याला याच्यासारखा दुसरा नाही. गार झाला तरी खाता येतो, दुसऱ्या दिवशी टोस्टरमध्ये टाकला की पुन्हा ताजा. अंड्याचं पॅनकेक मात्र तव्यावरून ताटात, तेवढंच. डब्यात घाम सुटून त्याचा कुरकुरीतपणा जातो. अंडं न खाणाऱ्या घरात तर प्रश्नच मिटला, स्कोन.

आता ज्या मॅशला आपण जरा जास्तच लाडाने दूध पाजलंय, त्याचं काय? तो कढईत मंद आचेवर परतून आटवता येतो, पण सकाळच्या गडबडीत कोण करणार. मी सरळ थालीपीठ लावते. भाजणी, कांदा, मिरची, कोथिंबीर, तीळ, आणि पाण्याच्या जागी मॅश. भाजणी ओलावा मजेत पिऊन घेते, आणि मॅशमधल्या लोण्यामुळे थालीपीठ दुपारपर्यंत मऊ राहतं. वाटीभर भाजणीला वाटीभर मॅश, मग लागलं तरच पाण्याचा हबका. बटाटा मात्र मागच्या बाकावर जातो, पुढे येते ती भाजणीच. ज्यांना बटाट्याचाच पदार्थ खायचाय त्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

उपासाला करायचं असेल तर मॅशमध्ये लसूण गेला नव्हता ना, ते आधी आठवा. नसेल तर राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ, दाण्याचं कूट, जिरं-मिरची घालून ओल्या रुमालावर थापा, मधे भोकं पाडा आणि तूप सोडा.

गोव्याचे पोटॅटो चॉप्स मी या स्पर्धेत मुद्दाम धरत नाही. कुस्करलेल्या बटाट्याच्या पारीत खिमा भरून, अंड्यात बुडवून, रव्यात घोळवून तळायचे, म्हणजे खाणाऱ्याचं भाग्यच. पण खिमा वेगळा शिजवावा लागतो, आणि दूध घातलेल्या मॅशची पारी तेलात फुटते. उरलंसुरलं संपवण्यासाठी एवढा घाट घालायचा नसतो. चॉप्स करायचेच तर बटाटे त्यासाठी उकडा.

नेटवर पोटॅटो पॅनकेक शोधलंत तर आणखी एक घोटाळा होतो. ज्यूंचे लाटके आणि जर्मनांचे कार्टोफेलपुफर हेही पोटॅटो पॅनकेकच, पण ते किसलेल्या कच्च्या बटाट्याचे. ते प्रमाण मॅशला लावलं की तव्यावर लापशी. दोन्हींच्या मधला आहे आयर्लंडचा बॉक्स्टी: मॅश, कच्च्या बटाट्याचा पिळलेला कीस, मैदा, ताक आणि चिमूटभर सोडा. मॅश थोडा आणि खाणारी तोंडं जास्त असतील तर हा पुरवठ्याला येतो. वेळ मात्र पॅनकेकपेक्षा जास्त द्यावा लागतो, कारण आतला कीस शिजायला हवा.

काहीही करा, मिश्रण मिक्सरमधून काढू नका. बटाट्याच्या पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि खळ तयार होते, मग तिला ना अंडं वाचवतं ना मैदा. मॅश जेवणानंतर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेला असावा आणि तीन-चार दिवसांत संपावा. रात्रभर ओट्यावर राहिला असेल, त्यातून मे महिना असेल, तर यातलं काहीच करू नका, टाकून द्या.

आमच्या घरी रविवारी पॅनकेक होतं, कारण त्या दिवशी सगळे तव्याभोवती उभे राहून खातात. शाळेच्या दिवशी स्कोन. आणि दोन-तीन चमचेच उरलं असेल तर मी तवा वेगळा तापवतसुद्धा नाही, पोळ्यांच्या कणकेत मळून टाकते.