एकाच सालच्या दोन बाटल्या : ग्रॅहम्स व्हिंटेज पोर्ट, २०००

पोर्ट म्हटले की आपल्याकडे गोव्याहून येणारी स्वस्त, गोड लाल वाईन डोळ्यांसमोर येते. त्या ओळखीवर ग्रॅहम्स या नामवंत पोर्ट-घराण्याच्या २००० सालच्या व्हिंटेज पोर्टचा अंदाज बांधू नये. माझ्या मेहुण्यांनी २०१४ मध्ये पोर्तुगालहून येताना हिच्या दोन बाटल्या आणल्या. त्यांतली एक आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी कपाटावर उभी राहिली आणि दुसरी त्यांच्या राजारामपुरीतल्या घरी, वाईनसाठीच घेतलेल्या छोट्या फ्रीजमध्ये, १४ अंशांवर आडवी. गेल्या जानेवारीत दोन्ही एकाच संध्याकाळी उघडल्या.

पोर्ट करताना पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांचा रस आंबत असताना मध्येच त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचा, द्राक्षापासूनच काढलेला मद्यार्क ओततात. यीस्टचे काम थांबते, साखर शिल्लक राहते आणि साधारण २० टक्के अल्कोहोलची गोड वाईन हाती येते. टॉनी पोर्ट वर्षानुवर्षे लाकडी पिंपात मुरते. व्हिंटेज पोर्ट मात्र एकाच निवडक सालची असते. ती दोन-अडीच वर्षांतच, न गाळता बाटलीत भरतात आणि पुढची कित्येक दशके ती तिथेच मुरते. त्यामुळे तिच्या तळाशी भरपूर साका बसतो.

फ्रीजमधली बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. बूच सबंध निघाले. मेहुण्यांनी बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरला, मी धार न तोडता सुरईत ओतत गेलो आणि काळ्या दोऱ्यासारखा साका मानेकडे सरकताना दिसला तिथे हात थांबवला. रंग मध्यभागी अजून जांभळट काळा, कडेला किंचित विटकरी. पहिला अर्धा तास वासात दारूचा उग्रपणाच पुढे होता. मग काळे मनुके, सुके अंजीर आणि कोको, आणि त्यांच्यामागून गुऱ्हाळात काकवी उतरवताना येतो तसा गरम, ओलसर गोडवा. ग्रॅहम्सची पोर्ट इतर नामवंत घराण्यांच्या तुलनेत गोडीकडे झुकते, पण इथे ती गोडी चिकट वाटत नाही, कारण जिभेच्या कडांवर जांभळासारखा तुरटपणा अजून शाबूत आहे. तो आहे तोवर ही बाटली आणखी वीस वर्षे सहज ठेवता येईल, असे माझे मत झाले.

कपाटावरच्या बाटलीचे बूच अर्ध्यात तुटले आणि भुगा आत पडला. दोष सर्वस्वी माझा : उभ्या बाटलीत वाईन बुचाला लागत नाही, बूच सुकते, हवा शिरते, आणि त्यात कोल्हापूरचे दहा उन्हाळे. मलमलीच्या फडक्यातून (साबणाचा वास नसलेल्या, हे महत्त्वाचे) गाळल्यावर जे निघाले ते पूर्ण विटकरी होते, आणि काहील जास्त तापल्यावर गुळाला लागतो तसा करपट वास त्याला होता. गोडी तेवढीच, फळ मात्र उडालेले.

जेवणाबाबत एक सूचना करावीशी वाटते. तांबड्या रश्श्यावर ही लगेच घेऊ नये; एवढ्या अल्कोहोलने तिखट शमत नाही, उलट भडकते. आम्ही तासाभराने अक्रोड आणि खारट, निळ्या बुरशीच्या चीजबरोबर घेतली आणि तिथे ती शोभली. सुरईत ओतलेली वाईन दोन दिवसांत संपवावी; तिसऱ्या दिवशी आमची अगदी सपक झाली होती.

किमतीला ही वाईन पुरेपूर उतरते, पण घरी थंड, अंधारी आणि वर्षभर सारख्या तापमानाची जागा नसेल तर मी ती घेऊ नये असेच सांगेन. त्यापेक्षा दहा वर्षांची टॉनी घ्यावी, ती विकतानाच पिण्याजोगी असते आणि उघडल्यावरही काही आठवडे टिकते. कपाटावरच्या बाटलीतली उरलेली वाईन आमच्या घरी सुकी अंजिरे शिजवायला वापरली. अंजिरे फार चांगली झाली.