ग्लोबल विंड ॲटलस: रत्नागिरीसमोरचा वारा जोखायला किती कामाचा?

समुद्रात पवनचक्क्या उभारून रत्नागिरीसारख्या शहराला वीज पुरवायची, तर जागांना पहिली चाळणी लावायला हे संकेतस्थळ पुरेसे आहे, आणि तेही फुकट. चाळणीसाठी पाचपैकी चार गुण. कर्जाच्या फाइलसाठी शून्य. तिथे किमान वर्षभराचे लायडारचे (लेसर किरणांनी वारा मोजणाऱ्या यंत्राचे) मोजमापच लागते.

डेन्मार्कचे तंत्र विद्यापीठ आणि जागतिक बँक यांच्या या ॲटलसमध्ये किनाऱ्यापासून 200 किमीपर्यंतचा वारा 250 मीटरच्या चौकटीत दिसतो. उंची 10, 50, 100, 150 की 200 मीटर, हे आपण निवडायचे. समुद्रातल्या यंत्रांसाठी 100 आणि 150 दोन्ही बघा.

पहिली फसगत चौकोन आखताना होते. आखलेल्या भागातल्या सर्वाधिक वाऱ्याच्या 10 टक्के जागेची सरासरी पडद्यावर ठळक उमटते. चौकोनात आंबा घाट आला की तो आकडा सह्याद्रीच्या माथ्याचा, समुद्राचा नव्हे. म्हणून किनारा पूर्ण वगळून, रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यापासून चार-पाच किमी बाहेर पहिला बिंदू टाका.

खरी मेख वार्षिक सरासरीत आहे. महिनावार निर्देशांक (त्या महिन्याचा वारा वार्षिक सरासरीच्या किती पट) उघडल्याशिवाय पुढे सरकू नये. समजा, सरासरी सेकंदाला 6.5 मीटर, जुलैचा निर्देशांक 1.5 आणि नोव्हेंबरचा 0.7. म्हणजे जुलैत 9.75, नोव्हेंबरात 4.55. वेग दुपटीच्या थोडा वर. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे ऊर्जेतली तफावत जवळपास दहापट! आणि शहरातले एसी घरघरतात एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटला. हा तक्ता महिनावार मागणीशेजारी ठेवला की बाकीच्या महिन्यांत वीज दुसरीकडून किती घ्यावी लागेल ते लगेच कळते. तासावार आलेखात दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचा चढही सापडतो, तेवढाच दिलासा.

टॉवरच्या पायाच्या खर्चासाठी पाण्याच्या खोलीचे आकडे नौदलाच्या सागरी नकाशांवरूनच घ्यावेत.

लाटांबद्दल मात्र ॲटलस गप्प. बोटीतून टॉवरच्या शिडीवर माणूस चढवायचा तर लाट साधारण दीड मीटरच्या आत हवी. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणात हे बहुतेक दिवस जमत नाही. जूनमध्ये कन्व्हर्टर (वीज ग्रिडजोगी करणारा भाग) जळाला, तर ऐन वाऱ्याच्या हंगामात ते यंत्र बंद. त्यामुळे उत्पन्न काढताना वर्षभर एकच उपलब्धता (यंत्र चालू स्थितीत असण्याचे प्रमाण) न धरता पावसाळ्याचे चार महिने वेगळे मांडा, आणि सुटे भाग बदलण्याचे काम मेअखेर उरका.