टाउनमध्ये कंपनीचा कार्यक्रम: ताज करायचं की ट्रायडंट?

साहेबांनी निघता निघता दारातूनच सांगितलं, ‘टाउनमध्ये बघ काहीतरी, जरा चांगलं,’ आणि गेले. टाउन म्हणजे दक्षिण मुंबई. आता ह्या ‘जरा चांगलं’मधून फिरून फिरून दोनच नावं निघतात, अपोलो बंदरचं ताज नाहीतर नरिमन पॉइंटचं ट्रायडंट. मी पंपांच्या कंपनीत अ‍ॅडमिनला आहे, दरवर्षीची डीलर मीट माझ्याच गळ्यात असते, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची दीड-पावणेदोनशे माणसं, वर मुंबईचे पाच-पन्नास. तुमच्यावर पण हे काम पडलं असेल तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

आधीच सांगते म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. दिवसभर बसून काम करायचंय, प्रेझेंटेशनं आहेत, लोक लांबून येऊन रात्री परत जाणार आहेत, तर ट्रायडंट. संध्याकाळचा सोहळा आहे, सत्कार, जेवण, फोटो, आणि आलेल्या माणसाने गावी जाऊन चार जणांना सांगावं अशी इच्छा आहे, तर ताज. दोन्ही एकाच ठिकाणी हवं म्हटलं की मग खरी डोकेदुखी.

ताजचं काय आहे, की तिथे अर्धा कार्यक्रम इमारतच करून टाकते. डिसेंबर १९०३ ला उघडलेलं हॉटेल, म्हणजे समोरच्या गेटवेपेक्षाही जुनं, गेटवेचा पायाच १९११ चा आणि तो लोकांसाठी खुला झाला १९२४ ला. आराखड्याचं सुरुवातीचं काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ह्यांचं, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्सने पुरं केलं. जेवणाच्या टेबलावर कोणीतरी हमखास ती गोष्ट काढतोच की हॉटेल चुकून उलटं बांधलं आणि आर्किटेक्टने जीव दिला वगैरे, तसलं काही नाही, मूळचं दारच शहराच्या बाजूला होतं, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिकडे. हे एवढं पाठ करून ठेवा, एमडींच्या शेजारी बसायची वेळ आली तर उपयोगी पडतं.

क्रिस्टल रूमचं नाव ऐकलं असेलच, झुंबरांची ती. तिथे डेकोरेटरला फार काही करावं लागत नाही आणि करूही नये. आमच्याकडे एका उत्साही एजन्सीने अशाच एका जुन्या झुंबरवाल्या हॉलमध्ये (ताज नाही, दुसरीकडे) भिंतभर एलईडी उभी करून पुढे प्लास्टिकची फुलं लावली होती, पैसे झुंबरांचे दिले आणि फोटोत आला फ्लेक्स. शिवाय झुंबराखाली पडद्यावरचे आकडे वाचायचे म्हणजे दिवे मंद करायला लागतात, आणि दिवे मंद केले की दुपारी अडीचला आमची सांगलीची मंडळी डोळे मिटून ऐकतात. म्हणूनच म्हणते, सुंदर हॉल संध्याकाळी वापरा.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. ताज म्हणजे दोन इमारती आहेत, जुना पॅलेस आणि शेजारी १९७३ चा टॉवर. आपल्या माणसाच्या डोक्यात घुमटवालं ताज असतं, आणि कोटेशनमध्ये खोलीपुढे बारीक अक्षरात ‘टॉवर’ लिहिलेलं असू शकतं. टॉवर वाईट नाही हो, पण ज्याने घरी बायकोला ताज ताज म्हणून सांगितलंय त्याचा चेहरा चेक-इनला बघवत नाही. मोजक्या मानाच्या पाहुण्यांना पॅलेस द्या, बाकीच्यांना टॉवर, आणि कोणाला काय हे आधीच सांगून टाका. दुसरं म्हणजे भेटवस्तूवर तो घुमट छापायची हौस असेल तर आवरा. २०१७ मध्ये त्या इमारतीच्या चित्राचा ट्रेडमार्क घेतलेला आहे, धंद्याच्या कामासाठी वापरायचा तर परवानगी लागते. आमच्या डिझायनरने स्मृतिचिन्हाच्या खोक्यावर घुमट टाकून प्रूफ सुद्धा पाठवलं होतं.

आणि सर्व्हिस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तिथे हिंदुस्तान युनिलिव्हरचं डिनर चालू होतं, बँक्वेटच्या तरुण स्टाफने त्या पाहुण्यांना रात्रभर सांभाळलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यापुढे मी स्टाफबद्दल काय मार्क देणार.

आता ट्रायडंट. हे १९७३ ला ओबेरॉय शेरेटन म्हणून उघडलं, पुढे ओबेरॉय टॉवर्स झालं, मधे काही वर्षं हिल्टन टॉवर्स होतं, २००८ पासून ट्रायडंट. पस्तीस मजले, साडेपाचशेच्या आसपास खोल्या, आणि शेजारचं ओबेरॉय आतूनच जोडलेलं, त्यामुळे डायरेक्टर मंडळींना ओबेरॉयला आणि बाकीच्यांना ट्रायडंटला असं करता येतं, कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. जुन्या पिढीचे टॅक्सीवाले अजून ‘ओबेरॉय’ म्हटलं तरच पटकन समजतात, निमंत्रणाच्या नकाशावर दोन्ही नावं टाका. हॉलमध्ये मोठ्या गर्दीला रीगल रूम, आणि वरचा रूफटॉप, जिथून मरीन ड्राइव्हचा सगळा वळसा दिसतो. माझं ऐकाल तर रूफटॉप मीटिंगला घेऊ नका, चहाला किंवा जेवणाला घ्या. समुद्र दिसत असताना तिमाहीचे आकडे कोण बघणार.

इमारत म्हणून ट्रायडंटमध्ये सांगण्यासारखं काही नाही, ऑफिसच्या इमारतींमधली अजून एक उंच इमारत. पण कामाच्या दिवशी हेच बरं असतं. लोक लॉबीत फोटो काढत रेंगाळत नाहीत, साडेनऊला खुर्चीत बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माणसं येणार कशी. आमचे कोल्हापूरवाले महालक्ष्मीने सकाळी सकाळी सीएसएमटीला उतरतात, सोलापूरचे सिद्धेश्वरने, पुण्याचे डेक्कन क्वीनने साडेदहाच्या सुमाराला. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोन-तीनला. म्हणजे रात्रभर गाडीत आखडलेला माणूस बॅग घेऊन लॉबीत बसणार, दाढी नाही अंघोळ नाही, आणि त्याच्यासमोरून मुंबईवाले परफ्यूम मारून जाणार. पहिल्या वर्षी माझ्याकडून हे झालं, एका वयस्कर डीलरने गेस्ट वॉशरूममध्ये शर्ट बदलला, ते मला अजून आठवलं की कसंतरी होतं. त्यामुळे ‘वॉश अँड चेंज’च्या पाच-सहा खोल्या सकाळी सहापासून मागून घ्या, पैसे पडले तरी पडू देत, आणि हे फोनवर नाही, ईमेलवर लिहून घ्या.

मेट्रो तीन पूर्ण सुरू झाल्यापासून (ऑक्टोबर २०२५) हिशोब बदललाय. सीएसएमटीहून तीन स्टेशनं, हुतात्मा चौक, चर्चगेट, मग विधान भवन, तिथून ट्रायडंट चालत दहा-बारा मिनिटं. विमानतळाहून येणाराही थेट त्याच मेट्रोने येतो. चर्चगेटला उतरला तर नरिमन पॉइंटच्या शेअर टॅक्सीची लाइन आहेच. ताजला मात्र हुतात्मा चौकला उतरून पुढे टॅक्सी, आणि रविवारी संध्याकाळी गेटवेकडे टॅक्सी म्हणजे विचारूच नका, फुगेवाले, फोटोवाले, अलिबागच्या बोटीची गर्दी, पोलिसांची बॅरिकेडं. गाडीने येणारे वरळीकडून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हला उतरतात आणि नाकासमोर ट्रायडंट. नवी मुंबई-पुण्याकडून अटल सेतूने शिवडीला येणाऱ्यांना, ईस्टर्न फ्रीवे धरला तर दोन्हीकडे साधारण सारखंच. पार्किंगला ताजच्या बाजूला जास्त त्रास, ड्रायव्हर मंडळींचं जेवण आणि थांबायची जागा हे आधी ठरवा नाहीतर रात्री अकराला पोर्चमध्ये एकाच वेळी चाळीस फोन.

तारीख ठरवताना पंचांग आणि सरकार दोघांनाही विचारा. तुलसी विवाह झाला की चांगले हॉल लग्नवाल्यांच्या ताब्यात, त्यांच्या एका रात्रीच्या बिलापुढे आपली डीलर मीट म्हणजे चहापाणी. पण पितृपक्षात कोणी लग्न करत नाही, अधिक महिन्यातही नाही, तेव्हा बँक्वेट सेल्सचा माणूस स्वतःहून फोन करतो. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, मे मध्यापासून जून मध्यापर्यंत, उकाड्याचं काय, हॉल एसीच असतो. साहेब पितृपक्ष चालणार नाही म्हणाले तर त्यांना रेट दाखवा, चालतो. सरकारचं म्हणजे, बजेट आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत असतं तेव्हा विधान भवनाच्या आसपास बंदोबस्त, ट्रायडंटला येणाऱ्यांचे हाल. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला गेलेलं असतं पण तेव्हा ४ तारखेच्या नौदल दिनाच्या आसपास गेटवेचा रस्ता अडतो, म्हणजे ताजचे हाल. जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार दोघांनाही नको.

आणि संकष्टी बघा! एका हॉटेलमध्ये (नाव घेत नाही, ह्या दोघांपैकी नाही) आमची मीट नेमकी संकष्टीला पडली. मी शेफला सांगितलं पंचवीस उपवासाच्या प्लेट, तो म्हणाला मॅडम नो प्रॉब्लेम, आणि आलं काय तर कुट्टूच्या (उत्तरेकडच्या उपवासाच्या पिठाच्या) पुऱ्या आणि वर कोथिंबीर-हळद घातलेली बटाट्याची भाजी. आमच्या जयसिंगपूरच्या काकांनी प्लेट हातात घेऊन दोन मिनिटं नुसती पाहिली, मग केळं खाल्लं. तेव्हापासून लिहूनच देते: साबुदाणा, वरई, दाण्याची आमटी, हळद-मोहरी नको. जैन जेवणाचं मात्र मोठ्या हॉटेलांना सांगावं लागत नाही, त्यांना सवय आहे.

हॉलच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, ते कुठलंही हॉटेल असो. ब्रोशरमध्ये लिहितात तो थिएटर सीटिंगचा, म्हणजे टेबलं न टाकता नुसत्या खुर्च्यांच्या रांगांचा आकडा. राउंड टेबलं टाकून स्टेजकडची बाजू मोकळी सोडली, म्हणजे क्लस्टर, की तीनशेच्या हॉलमध्ये दीडशे-पावणेदोनशे बसतात, त्यात स्टेज, साउंड-लाइटवाल्यांचा कन्सोल, मागे चहाचा काउंटर आला की अजून कमी. आणि हॉल पार्टिशनने दोन केलेला असेल तर पलीकडे त्या दिवशी काय आहे हे विचाराच. एका ठिकाणी आमचे एमडी ‘येणारं वर्ष आव्हानाचं आहे’ म्हणाले आणि पलीकडून संगीतच्या तालमीचा ढोल सुरू झाला, अगदी टायमिंग साधल्यासारखा, अख्खा हॉल हसला. बँक्वेट मॅनेजर म्हणाला पार्टिशन साउंडप्रूफ आहे.

पैशाचं थोडक्यात. पर प्लेट रेट ऐकून खूश होऊ नका, मिनिमम गॅरंटी किती ते विचारा, कारण पावणेदोनशेची गॅरंटी देऊन दीडशे आले तरी बिल पावणेदोनशेचंच. खोल्या ह्या दोन्हीकडे साडेसात हजारांच्या वरच्याच धरा, म्हणजे १८ टक्के जीएसटी. तुमच्या कंपनीचं रजिस्ट्रेशन फक्त गोव्यात किंवा बेळगावला असेल तर अजून एक मेख आहे, हॉटेलची जागा महाराष्ट्रात म्हणून टॅक्स इथला लागतो आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या टॅक्सची वजावट, तुम्हाला तिकडे मिळत नाही. जेवणावरचं क्रेडिट एरवीही अडतं, हॉलच्या भाड्याचं वेगळं, म्हणून बिल कसं फोडून घ्यायचं ते सीएला आधी विचारा, नंतर विचारलं तर तो नुसता चष्मा काढून बघतो. दारू जीएसटीत नाही, तिचा व्हॅट वेगळा, आणि ड्राय डे आहे का बघा. गाणी वाजवणार असाल तर त्याचं लायसन्स हॉटेल काढणार की आपण, हेही लिहून घ्या.

बजेट बघून साहेब गप्प झाले तर तिसरा पर्याय सांगा, मंत्रालयाजवळचं यशवंतराव चव्हाण सेंटर. हॉटेल नाही, झुंबर नाही, पण नरिमन पॉइंटलाच आहे, ऑडिटोरियम आहे, लहान कार्यक्रमाला रंगस्वर सभागृह आहे, आणि दिवसभराच्या भाषणांना खरं सांगायचं तर तशी उतरती खुर्च्यांची रांग कुठल्याच बँक्वेट हॉलमध्ये मिळत नाही. राहायची सोय मग वेगळी बघायची, एवढंच.

आमचं ह्या वेळचं असं ठरलंय: दिवसभराची मीटिंग आणि दुपारचं जेवण ट्रायडंटला, आणि टार्गेट पूर्ण केलेल्या वीस डीलरांना जोडीने रात्रीचं जेवण ताजला. दोघांमधलं अंतर दोन-अडीच किलोमीटर, एक मिनीबस दोन फेऱ्यांत पुरते. साहेबांनी विचारलं वीसच का, मी म्हटलं एकविसावा पुढच्या वर्षी पंप विकेल. सही झाली. तुलसी विवाहाच्या आधीची तारीख मिळालीय, संकष्टी नाही, बघून ठेवलंय.