बंद कोंदणातला काळा ओपल

दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पेडीला जाऊन, खाणीच्या गावातच ओपल घेतला म्हणजे खात्रीचा माल मिळतो, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. आमची फसवणूक ज्या पद्धतीने झाली ती इतकी साधी आहे की तिला कोणीही बळी पडू शकेल.

ॲडलेडहून स्टुअर्ट महामार्गाने उत्तरेकडे सुमारे ८५० किलोमीटर गेल्यावर हे गाव लागते. १९१५ साली येथे ओपल सापडला, आणि उन्हाळ्याच्या काहिलीपासून बचाव म्हणून कित्येक कुटुंबे आजही जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. पुण्याहून आलेल्या आईला घेऊन आम्ही दिवसभर तेथे हिंडलो. जागोजागी उघड्या खाणविहिरींपासून सावध करणाऱ्या पाट्या होत्या, आणि लोकांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत मातीच्या पांढरट-गुलाबी ढिगाऱ्यांतून माणसे ओपलचे कण वेचत बसली होती. तिथले लोक याला नूडलिंग म्हणतात. आईनेही तासभर माती चाळली आणि रंगाची एक पुसट छटा असलेला तुकडा मिळाल्यावर तिला फार आनंद झाला. त्याच आनंदात आम्ही संध्याकाळी एका दुकानात शिरलो.

आईला शुक्रासाठी ओपलची अंगठी हवी होती, आणि खडा बोटाला लागावा म्हणून कोंदण खालून उघडे असावे एवढी एकच तिची अट होती. दुकानदाराने दाखवलेला खडा काळसर होता आणि हलवताच त्यात हिरवे-निळे रंग झळकत होते. हा याच गावच्या खाणीतला, नैसर्गिक आणि सॉलिड, म्हणजे थर न चिकटवलेला अखंड, काळा ओपल आहे, असे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले. कोंदण बंद का, असे आईने मला विचारायला लावले, तेव्हा ओपल नाजूक असतो, म्हणून खालून सोन्याचा पत्रा लावावाच लागतो, असे उत्तर मिळाले. ओपलमध्ये पाण्याचा अंश असतो आणि माणिक किंवा नीलम यांच्यापेक्षा तो बराच मऊ असतो, हे खरेच आहे. त्यामुळे त्याचे म्हणणे पटले. अंगठीला ९०० डॉलर मोजले.

ॲडलेडला परतल्यावर आईच्या इच्छेखातर एका सराफाकडे कोंदण खालून उघडून घेण्यास दिले. त्याने खडा बाहेर काढून आडवा धरला आणि भिंग माझ्या हातात दिले. खाली काळी काच, वर पारदर्शक घुमटासारखे टोपण आणि या दोहोंच्या मध्ये ओपलची कागदासारखी पातळ चकती, असे तीन थर स्वच्छ दिसत होते. थरांमधली रेघ पट्टीने आखावी तशी सरळ होती, आणि डिंकात अडकलेले दोन बारीक बुडबुडेही दिसले. याला ट्रिप्लेट म्हणतात. तसे सांगून, ट्रिप्लेटच्याच भावात तो विकण्यात काहीही गैर नाही; पण सॉलिड म्हणून विकणे ही फसवणूकच आहे, आणि खड्याच्या कडा व तळ झाकणारे कोंदण त्यासाठीच वापरले गेले होते.

आणखी एक गोष्ट सराफाकडूनच कळली. कूबर पेडीचा ओपल बहुतांशी पांढरा किंवा फिकट असतो; काळ्या ओपलसाठी प्रसिद्ध आहे ते न्यू साउथ वेल्समधील लाइटनिंग रिज. तेव्हा कूबर पेडीत कोणी काळा ओपल स्थानिक म्हणून पुढे केला, तर तो सुटा दाखवण्याचा आग्रह धरावा, कडेने पाहावा, आणि दुकानदार नकार देत असेल तर तेथून उठावे.

फोन केल्यावर दुकानदाराने पावतीवर बोट ठेवले. तीवर केवळ ‘ओपल अंगठी, काळी’ एवढेच लिहिले होते आणि सॉलिड हा शब्द कोठेही नव्हता. विकलेला माल परत घेतला जात नाही, अशी पाटी दुकानात असल्याचेही त्याने ऐकवले. वास्तविक ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार, वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाबाबतचा ग्राहकाचा हक्क अशा पाटीने नाहीसा होत नाही. सराफाचा लेखी अहवाल आणि छायाचित्रे पाठवल्यावर त्याने अंगठी बदलून देण्याची तयारी दाखवली, पण पैसे परत करण्यास नकार दिला. आम्हाला त्याच्याकडची दुसरी कोणतीही वस्तू नको आहे. पूर्ण रकमेच्या मागणीसह राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली असून, खडा आणि कोंदण सुटेच ठेवले आहेत.